महांतेशची तीनदा विक्री

महांतेशला लॅटिन चढत नव्हतं. मराठी चढायचं, कन्नड तर घरचंच होतं, इंग्रजीसुद्धा धक्का मारला की सुरू व्हायचं. पण लॅटिन म्हटलं की त्याचं डोकं पावसात भिजलेल्या लुनासारखं नुसतं खरखर करायचं. वकिलीच्या परीक्षेतला एक पेपर त्याला दोनदा आडवा आला होता. त्यात जुन्या रोमन कायद्यातले मालमत्तेचे प्रकार असायचे. कुठली वस्तू कुणाची, कुठली सगळ्यांची, कुठली कुणाचीच नाही, आणि प्रत्येक प्रकाराला एकेक लॅटिन नाव. दुसऱ्या खेपेला त्यानं 'रेस नुलियस हे रोमचे एक थोर व कडक न्यायाधीश होते' अशी सुरुवात करून दीड पान लिहिलं होतं, अगदी त्यांच्या बालपणापासून.

आता तिसरी खेप होती. उद्या सकाळी अकराला पेपर. आणि त्याच्या वडलांचा, म्हणजे बाळाप्पांचा, गडहिंग्लजकडच्या गावाहून निरोप येऊन पडला होता, "ह्या टायमाला गचकलास तर गपगुमान गावाकडं यायचं. दुकानात बसून तराजू धरायचा. आन् त्यो काळा कोट मी बुजगावण्याला घालतो."

महांतेश शिकायला राजारामपुरीत काकांच्या घरी राहायचा. काका मल्लेश, काकू सौंदर्या आणि त्यांची मुलगी वर्षाराणी. वर्षाराणीची नववीची परीक्षा नुकतीच संपली होती, आणि वक्तृत्वाची ढाल जिंकल्यापासून जगातला कुठलाही प्रश्न पाच मिनिटांत सुटतो असं तिचं ठाम मत झालं होतं. कोल्हापुरातल्या बऱ्याच पोरींसारखी तीसुद्धा 'मी आलो, मी गेलो' असंच बोलायची.

"आण्णा, तुजं चुकतंय कुठं सांगू?" ती म्हणाली. "तू पुस्तकात शोधालायस. पुस्तकात कुठं बंब हाय? घरात शोध की."

"मधीच बंब कुठनं आला?" महांतेशनं विचारलं.

"कळंल. तू गप बस. मी करतो सगळं."

तिनं गव्हाच्या पिठाची खळ शिजवली, जुन्या कॅलेंडरच्या चिठ्ठ्या कापल्या आणि जाड स्केचपेननं लिहायला घेतलं. दुपारी चारपर्यंत सगळं घर रोमला जाऊन पोहोचलं. देवघरावर 'रेस साक्रे', म्हणजे देवाची वस्तू, तिला माणसानं हात लावायचा नाही. नळावर 'रेस कोम्युनेस', म्हणजे हवा आणि वाहतं पाणी यांसारखं सगळ्यांचं. नळ सकाळी पाऊण तासच वाहायचा, म्हणून तिनं खाली प्रामाणिकपणे 'सहा ते पावणेसात' अशी वेळ घातली. दारासमोरच्या दिव्याच्या खांबावर 'रेस पब्लिके'. गल्लीतलं बेवारशी मांजर दूध प्यायला आलं, त्याच्या गळ्यात दोऱ्यानं 'रेस नुलियस', म्हणजे कुणाचंच नाही. बाबांच्या, म्हणजे मल्लेशकाकांच्या, आरामखुर्चीचा वेत तुटला होता, तिच्यावर 'रेस डेरेलिक्टे', म्हणजे मालकानं टाकून दिलेली, उचलेल त्याची. बाबा त्या वेळी त्याच खुर्चीत झोपले होते. पण त्याला काय करणार?

खरी गंमत पुढं होती. जमीन, घर, ओझं वाहणारी जनावरं अशी मोजकी दांडगी मालमत्ता म्हणजे 'रेस मॅन्सिपी'. ती नुसती हातात दिली म्हणून दुसऱ्याची होत नसे. त्यासाठी पाच साक्षीदार लागत, सहावा एक तराजू धरणारा लागे, आणि घेणाऱ्यानं वस्तूला हात घालून, 'ही माझी' असं म्हणून, तांब्याचा तुकडा तराजूवर वाजवायचा. बाकीची सगळी भांडीकुंडी 'रेस नेक मॅन्सिपी', ती दिली की गेली. तेव्हा घराच्या दारावर 'मॅन्सिपी'. बाबांच्या एम-एटी दुचाकीवर 'मॅन्सिपी', कारण गॅसची टाकी, आठवड्याचा बाजार आणि वर्षाराणीची आई असं सगळं एकदम वाहणारं घरात तेवढंच एक जनावर होतं. कपाट, ट्रंका, मिक्सर आणि आज्जांच्या वेळचा तांब्याचा बंब, सगळ्यांवर 'नेक मॅन्सिपी'.

शेवटची एक चिठ्ठी उरली. वर्षाराणीनं पुस्तकाचं पान उलटलं, डोळे मोठे केले आणि महांतेशच्या पाठीवर थाप मारल्यासारखं करून ती चिठ्ठी चिकटवली.

"हे काय लावलीस?"

"मॅन्सिपी. पोरगा बापाच्या ताब्यात असला तर त्यालाबी ह्योच तराजूचा कायदा."

"मी काय जनावर हाय?"

"न्हाय. पण वझं हाइस की."

तेवढ्यात धुण्याभांड्याच्या तानाबाई आल्या. तानाबाईंना वाचता येत नव्हतं, पण चिठ्ठ्या कळत होत्या. त्यांच्या गावात भाऊ वेगळे निघायचे तेव्हा सामानाचे वाटे घालायचे आणि वाट्यावर चिठ्ठ्या टाकायच्या. इथं तर कपाट, बंब, ट्रंका, अगदी देवसुद्धा सुटला नव्हता. त्यांनी तोंडाला पदर लावला.

"वैनी, कवा ठरलं हे?"

"काय?" आईनं विचारलं.

"असू द्या, असू द्या. मी काय कुणाला सांगाय न्हाय."

भांडी घासून त्या बाहेर पडल्या आणि कोपऱ्यावर भाजीची गाडी लावणाऱ्या जोतीरामला म्हणाल्या, "मी काय कुणाला सांगाय न्हाय, पर मल्लेशसायबांच्यात वाटणी झाली. गावाकडच्या भावाला न इचारता." जोतीरामचा मेहुणा गडहिंग्लजला वडापची, म्हणजे सीट भरली की सुटणारी, जीप मारायचा. बातमी एसटीनं गेली असती तर मधे एखादा दिवस मिळाला असता. पण ती वडापनं गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला दारात जीप थांबली. आधी बाळाप्पा उतरले, पांढरीशुभ्र टोपी आणि लालबुंद चेहरा. वर्षाराणी त्यांना दोडप्पा म्हणायची, म्हणजे मोठे काका. त्यांच्या मागून एकामागून एक पाच माणसं उतरली. पाचही जण पंच. त्यांचे म्होरके दादासो, ज्यांनी आजवर गावातल्या सतरा वाटण्या केल्या होत्या आणि त्यातल्या एकीतही कुणी खूश झालेलं नव्हतं.

बाबा तोंडाला साबण लावून बाहेर आले. "दादा? अचानक?"

"मी अचानक? आन् हे काय हाय?" बाळाप्पांनी दारावरच्या चिठ्ठीवर बोट ठेवलं. "घरावर मॅन्सिपी, गाडीवर मॅन्सिपी. आन् आत बंबावर नेक मॅन्सिपी का काय ते. म्हंजी घर-गाडी तुला, आन् भांडी मला व्हय रं मल्ल्या?"

"दोडप्पा, अभ्यास हाय त्यो," वर्षाराणी धावत आली. "आण्णाच्या पेपरचा. मी चिकटवलोय सगळं."

दादासोंनी तिच्याकडं प्रेमानं बघितलं. "पोरी, अभ्यास वहीत करत्यात. बंबावर न्हाय."

"खरंच की! रोममधी..."

"आन् रोमनं आमच्या बंबाला हात कशापायी लावला?" बाळाप्पांनी मधेच विचारलं.

 बाबा आता साबणासकट तापले. त्यांनी आधीच सकाळी उठल्यावर आपल्या खुर्चीवरची चिठ्ठी आणि तिचा अर्थ वाचला होता. "दादा, मी तुला न सांगता वाटणी करीन असं तुला वाटलंच कसं?"

"वाटलं म्हंजी? पाच पंच घेऊन आलोय की!"

"म्हंजे एवढाच भरवसा व्हय? आज्जांनी मरताना बंब मला दिला, तवापासनं तुझ्या पोटात दुखालंय."

"तुला दिला? आंघोळीला दिलता! आंघोळ झाली की परत करायचा हुता!"

"एकवीस वर्षं झाली त्याला!"

"मग? एवढी आंघोळ करत्यात व्हय?"

"अस्सं?" बाबा म्हणाले. "वाटणी नव्हती. पण आता होऊनच जाऊ दे."

"होऊ दे!"

पंचांनी सतरंजी पसरली. ते बसले आणि बसताना पाचही जणांनी एकदम असा श्वास सोडला की आता इथून जेवल्याशिवाय उठत नाही. महांतेशनं घड्याळात बघितलं. साडेनऊ झाले होते. त्यानं हळूच हॉलतिकीट खिशात घातलं, पेपरसाठी इस्त्री केलेला एकुलता एक पांढरा शर्ट सावरला आणि मागच्या दाराकडं सरकला. मागच्या दारात एक पंच आडवा बसला होता. त्याचं नाव कृष्णात, आणि त्याची रुंदी आणि दाराची रुंदी एकच होती.

"कुठं निघालास?" कृष्णातनं विचारलं.

"पेपर हाय मला. अकराला."

"पंच बसल्यात. निकाल झाल्याबगर घरच्या माणसानं उंबरा वलांडायचा नस्तो. पाय बाहीर पडला का वाटणी बाद. मग आमी पुन्ना यायचं का?"

"काका, तिसरी खेप हाय माझी. आज हुकलं तर आयुष्यभर तराजू धरून बसाय लागंल."

"मग धर की. वाईट काय हाय त्यात?"

महांतेश वळला, आणि तिथंच घात झाला. काल चिठ्ठी चिकटवली तेव्हा त्यानं तोच शर्ट बघायला म्हणून अंगात घातला होता. खळ अशी वाळली होती की रात्रभर खुंटीला लटकूनसुद्धा चिठ्ठी हलली नव्हती.

"थांब!" दादासो ओरडले. "ह्येच्यावरबी चिठ्ठी हाय!"

पाचही पंच पुढं वाकले. एकानं चष्मा काढून दुसऱ्याला दिला. दादासोंनी बोट फिरवत वाचलं, "मॅन्सिपी. म्हंजी ही वस्तूबी वाटणीत हाय तर. कुणाच्या वाट्याला?"

"कुणाच्या म्हंजी? माझा पोरगा हाय," बाळाप्पा म्हणाले.

"तीन वर्षं भाकरी आमच्यात खाल्लीया," बाबा म्हणाले.

"भाकरीच न्हाय, वर दूधबी," स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला. "पेला भरून!"

"मला कुणी इचारणार हाय का?" महांतेश रडकुंडीला आला.

"वस्तू मधी बोलत न्हाय," दादासोंनी त्याला गप्प केलं.

पावणेदहा झाले. बंबाचं तर नावही निघेना. सगळा वाद आता महांतेशवर आला होता. वर्षाराणीनं महांतेशचा चेहरा बघितला. चिठ्ठ्या तिनं चिकटवल्या होत्या. हा हुकला असता तर तो तिच्या खळीमुळं हुकला असता. तिनं पुस्तक उघडलं, कालचं ते पान पुन्हा वाचलं, आणि ढाल घ्यायला व्यासपीठावर चढली होती तशी ती सतरंजीच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

"दादासोकाका, बाकीचं नंतर. आधी ह्या एका वस्तूचा निकाल लावूया. पण ह्याच्यावर रोमची चिठ्ठी हाय, तवा निकालबी रोमच्या रीतीनं लागंल."

"रोममधी कशी करत्यात?"

"पाच पंच लागत्यात."

पंचांनी एकमेकांकडं बघितलं. "म्हंजी तितंबी पाचच?" दादासोंनी विचारलं.

"पाचच. दोन हजार वर्षांपास्नं."

"मग शाणी माणसं दिसत्यात."

"आणि सहावा तराजू धरणारा."

तराजूवाल्याला बोलवायला कुठं जावं लागलं नाही. आपल्या बातमीचं पुढं काय झालं ते बघायला जोतीराम साडेआठपासून खिडकीत उभा होता. तो गाडीवरचा तराजू घेऊन आत आला. एका पारड्यात एक वांगं तसंच होतं. आईनं देवघरातली तांब्याची पळी दिली, तीही तीन अटी घालून.

"आता दोडप्पांनी आण्णाला बाबांना इकायचं," वर्षाराणी म्हणाली.

"इकायचं?" बाळाप्पा उडालेच. "पोटचं पोर?"

"रीत हाय, दोडप्पा. खोटं खोटं. पण पंच मातूर खरं."

ते पंचांना पटलं. बाबांनी महांतेशची कॉलर धरली आणि वर्षाराणीच्या मागून म्हटलं, "रोमच्या कायद्यानं हा माणूस माझा हाय असं मी म्हणतो. ह्या तांब्यानं आणि ह्या तराजूनं मी त्याला घेतला." आणि पळी तराजूवर मारली. टण्ण. वांगं खाली पडलं.

"इकला!" पाचही पंच एका आवाजात म्हणाले. त्यांना कुणी म्हणायला सांगितलं नव्हतं.

"आता बाबा, सोडून द्या त्याला. 'मी ह्याला सोडला' म्हणा." बाबांनी सोडला. "झालं. आता तो परत दोडप्पांचा. आता पुन्हा इका."

"पुन्हा? गिऱ्हाईक एकच, माल त्योच!" जोतीराम म्हणाला. त्याचा आता व्यवहारात जीव अडकला होता.

"रोममधी तीनदा इकत्यात."

"खातरी करत्यात," दादासोंनी बाकीच्यांना समजावलं.

दुसऱ्या खेपेला टण्ण नीट वाजलं नाही असं कृष्णातचं म्हणणं पडलं, म्हणून ते पुन्हा वाजवलं. मग ते मोजायचं की नाही यावर पंचांचा खल झाला आणि खलाबरोबर चहा झाला. सव्वादहा झाले. तिसऱ्या खेपेला बाबा वाक्य विसरले, आणि तेवढ्यात महांतेशच ओरडला, "ह्या तांब्यानं आणि ह्या तराजूनं! पाच साक्षीदार, सहावा तराजूवाला, वस्तूला हात घातलाच पायजे, आणि सगळे वयात आलेले नागरिक! म्हणा की काका!" ओरडून झाल्यावर तो स्वतःच दचकला. तीन वर्षांत जे चढलं नव्हतं ते चढलं होतं.

टण्ण.

"इकला!" पंच म्हणाले.

"सोडला," बाबा म्हणाले.

"आता परत माझा," असं म्हणत बाळाप्पांनी सवयीनं कॉलरीला हात घातला.

"न्हाय दोडप्पा," वर्षाराणीनं पुस्तक पुढं केलं. "इथं लिहिलंय. बापानं पोराला तीनदा इकलं की पोरगं बापाच्या ताब्यातनं सुटलं. आता आण्णा तुमचा न्हाय. पाच पंचांसमोर झालंय."

 जोतीरामनं तराजू खाली घेतला. बाळाप्पांचा हात कॉलरीवरून हळूहळू खाली आला.

"माझा न्हाय?"

"कायद्यानं न्हाय."

"मग कुणाचा?"

"सोताचा."

बाळाप्पांनी दादासोंकडं बघितलं. दादासोंनी मान हलवली. अठराव्या निकालात पहिल्यांदाच कुणाला तरी काहीतरी मिळालं होतं, ते मोडायची त्यांची इच्छा नव्हती. बाळाप्पांनी टोपी काढली, परत घातली.

"आप्पा," महांतेश म्हणाला, "पेपर हाय. अकराला."

"मग जा की! माझ्याकडं बघत काय उभारलायस? मी तुजा कोण लागतोय आता?" असं म्हणून त्यांनी खिशातलं दुकानातलं पेन काढलं आणि त्याच्या हातात कोंबलं. "ह्ये घे. उसनं हाय. परत आणून द्यायचं."

'एक निकाल लागला, आता उंबरा मोकळा,' म्हणत कृष्णात दारातनं बाजूला सरला. बाबांनी अर्ध्या दाढीनिशी एम-एटीला किक मारली. पुढं मॅन्सिपी, मागं मॅन्सिपी, असे दोघं सुटले. अकराला आठ मिनिटं कमी असताना महांतेश वर्गात जाऊन बसला. पर्यवेक्षकांनी त्याच्या पाठीवरची चिठ्ठी कॉपी म्हणून जप्त केली, पण त्याचं त्याला काहीच वाटलं नाही.

इकडं बंबाचा निकाल लगेच लागला. दोन पंचांनी उचलून बघितला, मग चौघांनी बघितला, आणि 'जिथं हाय तिथं बरा हाय' असं एकमतानं ठरलं. बाळाप्पांनी त्याच बंबाच्या पाण्यानं आंघोळ केली. 'झाली, आता परत कर' असं मात्र ते म्हणाले नाहीत.

पेपरात विक्रीच्या त्याच विधीवर टीप होती. महांतेशनं चार पानं लिहिली. 'पंचांस मध्यंतरी चहा द्यावा लागतो' हेही त्यानं विधीचा भाग म्हणून लिहिलं, आणि तपासणाऱ्यानं ते बरोबर धरलं असणार, कारण जूनमध्ये निकाल लागला तेव्हा त्याला एकसष्ट मार्क पडले होते. राजारामपुरीत पेढे वाटले. पहिला पेढा गल्लीतल्या 'रेस नुलियस' मांजराला दिला.

निकालानंतर आठ दिवसांनी दादासोंचा फोन आला.

"वकीलसाहेब हायत का? त्यास्नी बाजारादिवशी पाठवा. कृष्णातला म्हैस इकायची हाय."

"त्याला आण्णा कशाला?" वर्षाराणीनं विचारलं.

"आता गावात नुस्तं दावं हातात दिऊन कोण म्हैस घेईना. पाच पंच, तराजू आन् तांब्याची पळी. त्याबगर यवहार पक्का धरत न्हाईत. आन् तराजू धरणारा शिकलेला पायजे. जोतीराम परवा वांगी घेऊन आलता, लोकांनी त्याला परत लावून दिला."

वर्षाराणीनं पुस्तक दोनदा तपासलं. रोमच्या यादीत बैल होता, घोडा होता, गाढवसुद्धा होतं, पण म्हैस नव्हती. तिनं तसं दादासोंना कळवलं. 'ती त्यांची चूक हाय, त्यास्नी दुरुस्त कराय सांगा,' असं उलट उत्तर आलं.

तेव्हापासून दर आठवड्याच्या बाजाराला महांतेश काळा कोट घालून वडापनं गावी जातो. पहिल्या खेपेला त्यानं आठवणीनं पेन परत नेलं होतं. म्हशीच्या शिंगापाशी तो ताठ उभा राहतो, पंच गोल बसतात आणि कुणीतरी पळी उचलतं. शेजारीच दुकानाच्या कट्ट्यावर बाळाप्पा बसलेले असतात. त्या पहिल्या दिवशी टण्ण वाजलं, म्हैस विकली गेली आणि पाच पंच गरजले. तेव्हा बाळाप्पा पोराच्या हाताकडं बघून इतके हसले की टोपी मांडीवर पडली.

"धरलास की शेवटी तराजू! आन् त्योबी माझ्याच दुकानातला. वाजवून झाला की जाग्यावर ठेव, लेका."